एक मात्रा जास्त

१

मंगळवारी सकाळी औरंगपुऱ्याच्या चौकातल्या काळ्या फळ्यावर खडूनं ठळक लिहिलेलं होतं:

"पाणी हवंय? साहेबांना पेटवा!"

ॲडव्होकेट भानुमती जिंतूरकर दुधाची निळी पिशवी हातात धरून जागच्या जागी थांबल्या. त्या रोज सकाळी दूध आणायच्या निमित्तानं हा फळा वाचत. एकट्या बाईच्या चहाला दूध लागतं किती, त्यासाठी रोज खाली उतरायची गरज नव्हती. पण फळा रोज बदलायचा. तो विरोधी पक्षाचा वार्ताफलक होता आणि भानुमतीबाईंनी त्या पक्षाला जन्मात मत दिलेलं नव्हतं. तरीही दिवसातलं त्यांना उद्देशून आलेलं पहिलं वाक्य त्या फळ्यावरचं असायचं. कोर्टाला सुटी असली की शेवटचंही.

साहेब म्हणजे धरणाचे साहेब, कुणाला किती पाणी सोडायचं ते ठरवणारे. दुष्काळाचं वर्ष होतं. शहराच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेसुद्धा आधी बराच वेळ खोकून. शहराबाहेरच्या 'हिमशिखर ब्रुअरीज' या बिअरच्या कारखान्याला मात्र रोज यायचं, न खोकता. सरकारचं म्हणणं असं की कारखान्याला पाणी देणं हे विकासाचं धोरण आहे आणि माणसांना न देणं हा निसर्गाचा प्रकोप आहे.

यावर रोज चिमटे काढणारा माणूस म्हणजे वैजनाथराव सेलूकर. कॉलेजातून निवृत्त झालेले हेडक्लार्क, आणि पक्षाचे फलकप्रमुख. फळ्याच्या चौकटीखाली तसं तैलरंगात लिहिलेलं होतं. चिमटे काढणं वेगळं. पण पेटवा? ज्या माणसानं मोर्चातल्या घोषणेतही कधी शुद्धलेखन सोडलं नाही, तो माणसाला पेटवा म्हणेल?

त्या एका ओळीखाली ओल्या फडक्यानं पुसल्याचा लांब पट्टा होता. वाळलेला, किंचित हिरवट. त्यावर मुंग्यांची रांग लागली होती. दुष्काळात शेवाळ धरणारी शहरातली ही एकमेव जागा दिसते, असं बाईंच्या मनात आलं.

"मॅडम, काय बघू राह्यले?" शेजारच्या टपरीतून चहावाला सांडू गायके म्हणाला. "सेलूकर नानाला उचललं की पोलिसांनी. आत्ताच गेली गाडी."

"कशाबद्दल?"

"साहेबाच्या जिवाला धोका म्हणं." सांडूनं आवाज खाली आणला. "तडीपार करणारेत."

२

तडीपारीची फाईल एरवी या टेबलावरून त्या टेबलावर जायला ऋतू बदलावे लागतात. ही एका सकाळीत पिकली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी सुनावणी, आणि हुकूम निघाला तर वर्षभर जिल्ह्याबाहेर.

पोलीस चौकीच्या बाकावर वैजनाथराव ताठ बसले होते, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. भानुमतीबाईंनी आपलं नाव सांगायला तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, "तुम्ही निळ्या पिशवीच्या ना? दोनदा वाचता. एकदा रस्त्यापलीकडून, एकदा जवळ येऊन."

बाई गडबडल्या. आपल्याला कुणी पाहत असेल ही शक्यता त्यांनी कैक वर्षांत विचारात घेतली नव्हती.

"तुमचं वकीलपत्र घेते मी," त्या घाईनं म्हणाल्या. "आधी हे सांगा, पेटवा तुम्ही लिहिलंत?"

"पटवा लिहिलं. 'प'वर मात्रा नाही. पाणी हवंय, साहेबांना पटवा. कंपनीनं पटवलं, आपणही पटवू, इतका साधा उपदेश. मात्रा नंतर कुणीतरी दिली." वैजनाथरावांनी खिशाचं पेन सरळ केलं. "आमच्या आजोबांची वैद्यकी होती सेलूला. ते सांगायचे, मात्रा जास्त झाली की माणूस जातो."

"आणि खालची ओळ?"

"होती."

"काय होती?"

"ते राहू द्या, मॅडम."

"बरं, कधी लिहिलंत?"

"काल दिवेलागणीला. लिहून हात झटकले आणि लोडशेडिंग झालं. सगळा चौक अंधारात. मी घरी गेलो."

"घरी कोण होतं?"

"मी होतो."

"तुम्ही घरी होतात असं सांगणारं कुणी?"

"एक पाल आहे. पण ती चुकचुकण्यापलीकडं काही सांगत नाही."

भानुमतीबाईंना हसू आलं आणि लगेच ते ओसरलं. आपल्याकडे तर पालही नाही. एकटा माणूस घरात असतो तेव्हा तो कायद्याच्या दृष्टीनं कुठंही असू शकतो. फळ्यासमोर हातात खडू घेऊनसुद्धा.

"मॅडम," वैजनाथराव पहिल्यांदा खाली बघत म्हणाले, "कोठडीत ठेवा म्हणावं, चालेल. पण इथंच. बाहेरगावी मला कोण ओळखतं? इथं लोक माझ्याशी बोलत नाहीत, ते ठीक आहे. पण वाचतात."

"मग ती ओळ सांगा. कुणाला लागणारी होती?"

"वाचणाऱ्याला."

"अंधार पडला होता म्हणता. वाचली कुणी?"

"एकानंच," वैजनाथराव म्हणाले. "पुसली त्यानं."

३

सांडूनं बाईंपुढं चहा ठेवला आणि न विचारताच साक्ष द्यायला सुरुवात केली.

"म्या सकाळी आलो तव्हा हेच व्हतं बघा. पण एक सांगू का? नाना खडू भिजवून लिहितो. वाळला की कोरड्या फडक्यानं हालत नाय. त्याला वल्लं फडकं लागतं. आन् या चौकात फळा पुसायला पाणी? आवं, लोकं तोंड धुवायचं टाळू राह्यले! माझ्या पिपाला कुलूप हाय. पाण्यानं फळा पुसणारा माणूस लई पाणीवाला पाहिजे."

"आणि या मुंग्या तुमच्या साखरेच्या?"

"माझ्या नायत त्या," सांडू दुखावला. "माझ्या डब्यातच ऱ्हातेत. सावली सोडून फळ्यावर कशाला जातील?"

लई पाणीवाला म्हटल्यावर भानुमतीबाई रिक्षा करून जालना रोडला हिमशिखरच्या कार्यालयात गेल्या. जनसंपर्क अधिकारी श्रीरंग लिमये पुण्याहून आलेले होते, तिथलाच नम्रपणा घेऊन. त्यांनी पाण्याची बाटली उघडून बाईंपुढं ठेवली, आपल्यासाठी दुसरी उघडली आणि दोन घोट घेऊन ती बाजूला सारली. उरलेलं पाणी बघून बाईंचा जीव कळवळला. घरी त्या तेवढ्यात दोन भांडी घासत.

"आमच्यावर संशय आहे?" लिमयांनी आनंदानं विचारलं. "पण 'पटवा' या शब्दात आम्हाला आक्षेपार्ह काहीच वाटत नाही, मॅडम. पटवणं हेच आमचं खातं. कार्डावर त्याला जनसंपर्क म्हणतात, इतकंच."

"साहेबांना वाटत असेल."

"साहेबांना 'पेटवा' सोयीचं, हे खरं. पेटवा असेल तर गुन्हा सेलूकरांचा. पटवा असेल तर गुन्हा साहेबांचा." लिमयांनी हात पसरले. "म्हणून तक्रार त्यांनी पहाटे फोटो मिळताच केली. पण काल ते मुंबईत होते, पाण्याच्या नियोजनाच्या बैठकीला. पाहुणचार आमचाच होता. मी स्वतः शेजारी बसलो होतो."

"फोटो कुणी पाठवला?"

"त्यांचे हितचिंतक बरेच आहेत."

"खालची ओळ का पुसली असेल?"

"आमच्याविरुद्ध असती तर आम्ही कशाला पुसू? वर्तमानपत्रं रोज लिहितात. आम्ही काही पुसत नाही, जाहिरात वाढवून देतो."

भानुमतीबाई उठल्या. माणूस निर्लज्ज होता, पण त्याच्या बोलण्यात तर्क होता, आणि या शहरात दोन्ही एकत्र क्वचितच भेटत. सरकारच्या किंवा कंपनीच्या माणसाला वैजनाथरावांना अडकवायचं असतं तर एक मात्रा पुरेशी होती. पुसायचे कष्ट घेतले, ते कुणालातरी झाकायला.

दारापर्यंत सोडायला आलेले लिमये म्हणाले, "तात्यासाहेबांना भेटलात तर नमस्कार सांगा. उद्या संध्याकाळी पाणपोईच्या उद्घाटनाला आहेच मी."

बाई वळल्या. तात्यासाहेब म्हणजे वैजनाथरावांच्याच पक्षाचे शहराध्यक्ष. "विरोधी पक्षाच्या पाणपोईला? तुम्ही?"

"पाणी आमचंच आहे ना, मॅडम," लिमये म्हणाले.

४

पक्षाचं कार्यालय फळ्याच्या मागच्याच इमारतीत होतं. तात्यासाहेब मूळ गंगापूरकडचे, उसाच्या पट्ट्यातले. माणूस ऐसपैस, आवाजही तसाच. बाहेर पाणपोईचा मांडव घालायचं काम चाललं होतं.

"या, या, वकीलबाई, बसा! आमच्या नानासाठी धावपळ करू राह्यले म्हणून कळलं. लई उपकार झाले. हिरा हो आमचा, हिरा! उद्या मोर्चा काढतो, टायर जाळतो, काय पाहिजे ते करतो."

"टायर नको. पेटवायच्याच कलमात आहेत ते."

तात्यासाहेब खदाखदा हसले आणि कमरेची किल्ली काढून स्वतः आतल्या खोलीत गेले. परत आले ते सरबताचा उंच पेला घेऊन. "घ्या. वाळ्याचं हाय. पाण्याचा दुष्काळ असंल, पाहुणचाराचा नाय."

सरबत हिरवंगार होतं. बाईंनी दिवसभरात चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. त्यांनी मोठा घोट घेतला. गोड इतकं की दात शिवशिवले. एक थेंब हनुवटीवर ओघळला, तो त्यांनी पांढऱ्या रुमालानं टिपला.

"तुम्ही स्वतः का उठलात? कुणाला सांगायचं."

"कार्यकर्त्याच्या हाती घागर द्यायची सोय नाय, बाई. उद्याच्या उद्घाटनाला पब्लिकला पाजायचं म्हणून काल दुपारीच करून ठिवलं. तव्हापासून किल्ली माझ्या कमरंला. नायतर उद्घाटनाला नुसती घागर ऱ्हायची."

"पेला विसळायला तरी पाणी आहे का इथं?"

"थेंब नाय. नळ तर सुकूनच गेला. टँकर उद्या येईल, उद्घाटनाच्या टायमाला."

भानुमतीबाईंनी रुमालाकडे पाहिलं. थेंबाचा डाग वाळत चालला होता. किंचित हिरवट. टेबलाच्या कडेनं एक मुंगी वर आली, पेल्याच्या बुडाशी थांबली आणि मागं वळून इतरांना बोलवायला गेली.

बाईंनी पेला खाली ठेवला.

"तात्यासाहेब," त्या म्हणाल्या, "खालची ओळ तुमच्यावर होती."

५

बाहेर मांडवाचा बांबू ठोकत होते. तात्यासाहेबांनी उठून खिडकी लावून घेतली.

"काय बोलू राह्यले तुम्ही, बाई?"

"नानांचा भिजवलेला खडू कोरड्या फडक्यानं जात नाही. काल अंधारात कुणीतरी फडकं ओलं केलं. चौकात पाणी नाही, सांडूच्या पिपाला कुलूप. पाणी असतं तर फळा काळाच राहिला असता. तो हिरवट झालाय आणि त्याला मुंग्या लागल्यात. या चौकात काल हिरवी, गोड आणि ओली अशी एकच गोष्ट होती, आणि तिची किल्ली तुमच्या कमरेला आहे."

"सरबतावरनं माणूस दोषी ठरवता व्हय?"

"सरबतावरून माणूस ठरला. का केलं ते पाणपोईवरून ठरलं. कंपनीच्या पाण्यावर तुमचं नाव लागणार, हे नानांना समजलं होतं." बोलताना बाईंच्या लक्षात आलं की आपण इतकं सलग कुणाशीतरी फार दिवसांनी बोलतोय, आणि ते नेमकं या माणसाशी. "आधी तुम्ही फक्त ओळ पुसलीत. मग तुमच्या लक्षात आलं की नाना उद्या ती परत लिहितील. ओळ फडक्यानं पुसता येते. लिहिणारा माणूस पुसायला पोलीस लागतात. म्हणून वरच्या ओळीला एक मात्रा दिलीत आणि फोटो साहेबांकडे रवाना केलात."

तात्यासाहेब खुर्चीत टेकले. मग आवाज न चढवता, पाठ असल्यासारखं म्हणाले, "'आमच्या तात्यांना कंपनीनं पटवलं, तसं.'"

"ही ती ओळ?"

"व्हय. बॅटरीच्या उजेडात वाचली. पहिली ओळ वाचून हसलो बी. मग खाली बघितलं." त्यांनी कपाळ पुसलं. "तुम्हाला वाटतं मी इकलो गेलो. आवं, चार महिन्यांनी महापालिकेची निवडणूक हाय. ते लोक परत आले तर सगळं पाणी कंपनीला. मी आलो तर निदान पाणपोई."

"हे उद्या सुनावणीत सांगाल?"

"मुंग्यांवरनं तुम्ही माझं काय वाकडं करणार? तिथं लोकं हसतील."

"ओळ काय होती ते वैजनाथरावांनी सांगितलं की नाही हसणार."

तात्यासाहेब हसले नाहीत. उलट त्यांच्या चेहऱ्यावर खरंच वाईट वाटल्यासारखं काहीतरी आलं.

"तो सांगणार नाय, बाई."

"का?"

"ते त्यालाच इचारा."

६

"कारण तडीपारी वर्षाची असते," वैजनाथराव म्हणाले. "पक्षातून काढलं की कायमचं."

सुनावणीच्या दालनाबाहेरच्या बाकावर दोघं शेजारी बसले होते. भानुमतीबाईंनी कागद गुडघ्यावर घट्ट धरले होते. सरबत, मुंग्या, किल्ली, पाणपोई, सगळं त्यांचं सांगून झालं होतं. वैजनाथरावांनी ते एखाद्या बऱ्यापैकी जमलेल्या अग्रलेखासारखं मान डोलावत ऐकलं.

"तुम्हाला आधीच माहीत होतं."

"अंदाज होता. वाळ्याचं नव्हतं सुचलं. ते छान आहे."

"वैजनाथराव, त्या माणसानं तुम्हाला पुसून टाकलं!"

"हो. पण सभासद आहे मी अजून." ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. "फळ्यावर लिहिलं, तेव्हा ते भाष्य होतं. आपल्या घरात आपण मोठ्यानं बोलतो तसं. आत जाऊन सांगितलं तर ती साक्ष होईल. बातमी सत्ताधाऱ्यांच्या पेपरात येईल, वापरतील ते. मग मी सुटेन, मॅडम. सुटून सकाळी जाऊ कुठं? फळा पक्षाचा आहे."

"दुसरा फळा मिळेल."

"या वयात दुसरा पक्ष?" वैजनाथराव दचकून म्हणाले, जणू बाईंनी दुसरं लग्न सुचवलं होतं.

बाईंनी पुष्कळ समजावलं, मग रागावल्या. शेवटी वैजनाथराव वळून त्यांच्याकडे बघत म्हणाले, "तुम्ही माझ्या वकील आहात ना? मग हे माझ्या परवानगीशिवाय आत बोलायचं नाही. मी परवानगी देत नाही."

कायदा त्यांच्या बाजूनं होता. या प्रकरणात तो पहिल्यांदाच कुणाच्या तरी बाजूनं उभा राहिला होता, आणि तोही अशा वेळी.

आत साहेबांच्या वतीनं सांगण्यात आलं की साहेब अजून धक्क्यात आहेत. भानुमतीबाई मात्रेबद्दल बोलल्या, हस्ताक्षराबद्दल बोलल्या. अधिकाऱ्यांनी विचारलं, "मग खालची ओळ काय होती?" सगळे वैजनाथरावांकडे वळले.

"आठवत नाही," वैजनाथराव म्हणाले.

बाहेर तात्यासाहेबांचा मोर्चा त्यांच्या सुटकेसाठी घोषणा देत होता. त्या आवाजातच हुकूम वाचला गेला.

संध्याकाळी भानुमतीबाई त्यांना जालन्याच्या एसटीत बसवायला गेल्या. एक ट्रंक, एक वळकटी. पक्षाचं कुणी आलं नव्हतं. सगळे पाणपोईच्या फोटोत होते.

"करमाडपर्यंत आपलाच जिल्हा," वैजनाथराव खिडकीतून म्हणाले. "पुढं बघू." गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी फोन नंबर मागितला. मागताना ते असे संकोचले की बाईंनी तो दोनदा, मोठ्यानं सांगितला.

७

पहिला फोन दुसऱ्याच दिवशी सकाळी आला. भानुमतीबाई फळ्यासमोरच उभ्या होत्या.

"आज काय लिहिलंय, मॅडम?"

"'आमचे निर्भीड भाष्यकार वैजनाथराव सेलूकर यांच्या तडीपारीचा जाहीर निषेध.'"

"तात्यांनी लिहवून घेतलं?"

"हो."

"बघा! आणि खाली माझं नाव आहे ना? फलकप्रमुख?"

चौकटीखालची तैलरंगातली अक्षरं कुणीतरी काळ्या रंगानं भरून काढली होती आणि वर तात्यासाहेबांचा पुतण्या रामकिसन याचं नाव टाकलं होतं. रंग ओला होता.

"आहे," भानुमतीबाई म्हणाल्या. शपथेवरचं खोटं त्यांनी आयुष्यात कधी जिभेवर येऊ दिलं नव्हतं. हे शपथेवर नव्हतं.

मग रोज फोन येऊ लागला. निषेध दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी फळ्यावर रंगीत खडूनं फुलं काढली होती आणि मधोमध लिहिलं होतं: 'शीतल जल पाणपोईस उदंड प्रतिसाद. सौजन्य: हिमशिखर परिवार.' मांडवाखाली लोक रांगेनं पाणी पीत होते. तहानलेल्या माणसांना काय म्हणणार? सांडूसुद्धा रांगेत उभा होता. त्यानं बाईंकडे बघून मान खाली घातली.

फोन वाजला.

"हं, मॅडम. वाचा."

भानुमतीबाईंनी फुलांकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं.

"मॅडम? आवाज येत नाही."

"वाचते," त्या म्हणाल्या. "लिहिलंय की… 'कारखान्याचं पाणी आता अखेर जनतेलाही मिळू लागलेलं आहे. फक्त त्यासाठी जनतेनं हात जोडून रांगेत उभं राहिलं पाहिजे.'"

जालन्याच्या बाजूनं कुठल्याशा ट्रकचा हॉर्न ऐकू आला. मग वैजनाथराव हळू आवाजात म्हणाले, "रामकिसनला हे सुचणार नाही."

हे नाव बाईंनी त्यांना सांगितलंच नव्हतं.

"ओळ लांबलीय," ते म्हणाले. "'आता' आणि 'अखेर' दोन्ही कशाला? 'अखेर' ठेवा. 'मिळू लागलेलं आहे' नको, 'मिळालं' म्हणा. आणि 'पाहिजे'वर संपवू नका, ते सरकारी वाटतं."

भानुमतीबाई रस्त्याच्या कडेला सरकल्या, दुधाची पिशवी खांद्याला अडकवली आणि दुसरा कान हातानं झाकून घेतला.

"'कारखान्याचं पाणी अखेर जनतेला मिळालं. हात जोडून, रांगेत.'"

"हं," वैजनाथराव म्हणाले. "आता बरं झालं." आणि जरा थांबून, "उद्या जरा लवकर वाचाल का? मी इथं पहाटेपासून जागाच असतो."